मंडळासाठी कॅमेरा घेताय? आधी कानात बोळे घाला

वर्षभर रक्तदान शिबिरं घेऊन, नाल्यातला गाळ उपसून आणि व्याख्यानमालेच्या सतरंज्या झटकूनही मंडळाच्या खात्यात चार पैसे उरले असतील, तर ते तसेच ठेवू नका. उरलेल्या पैशांचा हिशेब द्यावा लागतो. कॅमेरा घेतला की ग्रुपवर त्याचा फोटो टाकून भागतं.

कोणता घ्यायचा याचा अंतिम निर्णय, ज्याचा मेहुणा लातूरला लग्नाची शूटिंग करतो, त्या सभासदाकडे सोपवा. कार्यक्रम उघड्यावर की सभागृहात, उजेड किती, नंतर हे बघणार कोण, असलं काही विचारणारा एखादा निघतोच. त्याला चहा सांगायला पाठवा. तो परत येईपर्यंत ठराव मंजूर करून टाका.

पहिली अट, फोर-के. म्हणजे ३८४० बाय २१६० ठिपके. आपला प्रेक्षक हा व्हिडिओ बसस्टँडवर उभ्यानं, फुटक्या काचेच्या मोबाइलवर, दिवसाचा डेटा संपत आलेला असताना बघणार आहे. त्याला अध्यक्षांच्या कुर्त्याची वीण दिसायलाच हवी. सेकंदाला १०० मेगाबिटनं रेकॉर्डिंग केलं की तासाला ४५ जीबी जागा लागते. मग ६४ जीबीचं एकच कार्ड घ्या. ते साधारण ८५ मिनिटांत भरतं, आणि आपल्याकडे तेवढ्या वेळात दीपप्रज्वलन, स्वागतगीत आणि मंचावरच्या मान्यवरांचे सत्कार आटोपतात. पाहुणे बोलायला उभे राहिले की कार्ड फुल्ल. याहून चोख नियोजन कुणाला जमणार?

फोटोचा कॅमेरा व्हिडिओसाठी घेतलात तर आणखी बरं. यातले बरेच जुने कॅमेरे तीस मिनिटं भरायच्या आत आपोआप थांबतात. त्याहून जास्त वेळ चालणाऱ्यांना युरोपात व्हिडिओ कॅमेरा ठरवून जादा कर लागायचा, तो टाळायला कंपन्यांनी ही सोय केली. तिकडच्या कराची झळ इकडे अहमदपूरच्या प्रास्ताविकाला बसते. बसू द्या, कुणीतरी प्रास्ताविक थांबवायलाच हवं होतं.

मे महिन्यात पत्र्याखाली, पारा ४२ वर असताना, छोटा कॅमेरा फोर-के करता करता तापून बंद पडतो. त्याला सावलीत ठेवू नका. सावली पाहुण्यांची.

सेटिंगला तर हातच लावू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होत असतात. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ चित्रं, आणि शटर १/५० सेकंद ठेवलं तर चित्र स्थिर येतं, पण त्यात मजा काय? आहे तसं ३० फ्रेमवर राहू द्या. मंच लुकलुकतो आणि फुकटात डीजेचा फील येतो.

ड्रोन मात्र हवाच. २०२१ च्या ड्रोन नियमांत आकाशाचे हिरवे, पिवळे, लाल भाग पाडलेत आणि पिवळ्या-लाल भागात आधी परवानगी काढावी लागते. ते नकाशे बघत बसलात तर मुहूर्त टळेल. खोलीकरण केलेला नाला वरून झकास दिसतो. पाणी नाही, हेही वरून फार स्वच्छ दिसतं. शिवाय अशा ड्रोनला बहुतेक वेळा माइकच नसतो. सगळ्यांनी त्याच्यापासून शिकावं.

कारण आवाज हा खर्चाचा विषयच नाही. वायरचा कॉलर माइक हजाराच्या आसपास मिळतो; एवढ्याशा वस्तूचं उद्घाटन कुणाच्या हस्ते करणार? साऊंडवाल्याच्या मिक्सरला मागं आऊटची जागा असते, तिथून एक वायर काढली की भाषण जसंच्या तसं रेकॉर्ड होतं. पण त्यासाठी साऊंडवाल्याशी बोलावं लागतं, आणि मागच्या गणपतीपासून त्याचे पैसे राहिलेत. तेव्हा कॅमेऱ्याच्याच माइकवर भिस्त ठेवा. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो, म्हणून स्टँड लावायचा तो मंडपाच्या पार शेवटी, जनरेटरच्या बाजूला. लाईट गेली तरी प्लग जवळ.

समजा, १७ सप्टेंबर आहे. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. झेंडावंदनानंतर तुम्ही गावातल्या नव्वदी ओलांडलेल्या आजोबांना बोलतं केलंय. १९४८ साली ते पोरसवदा होते, निजामाच्या रझाकारांची नजर चुकवून सरहद्दीवरच्या कॅम्पांत निरोप न्यायचे. आजवर कधी मंचावर चढले नाहीत. वीस मिनिटं बोलतात. एका जागी थांबतात, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसतात, कुणाचं तरी नाव घेतात. पुढच्या रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावतात.

रेकॉर्डिंगमध्ये शालीच्या जरीची एकेक तार मोजता येईल इतकी स्पष्ट आलीय. ओठ हलतायत. आवाज जनरेटरचा, आणि मधून मधून, “ए बाळ्या, वडापाव किती राह्यले रे?”

इथं घाबरायचं नाही. मेहुणा म्हणेलच, “दादा, टेन्शन घेऊ नका, आवाज नंतर टाकता येतो. मागून बासरी सोडू.”

बासरी सोडा. आजोबा स्लो मोशनमध्ये दाखवा, खाली मंडळाचं नाव फिरवा, शेवटी ड्रोनमधून झेंडा. दीड मिनिटाचं झालं की पुरे. त्यांची नात पुण्याहून फोन करून विचारेल, “काका, आबांनी नाव कुणाचं घेतलं हो? घरी कधीच सांगितलं नाही त्यांनी.” तिला म्हणावं, सगळं रेकॉर्डिंग हार्डडिस्कमध्ये आहे, हार्डडिस्क खजिनदारांकडे आहे आणि खजिनदार सध्या हरभऱ्याच्या पेरणीत आहेत.

वार्षिक अहवालापुरता प्रश्न सुटलेलाच आहे. तिथं लिहा, “ज्येष्ठ स्वातंत्र्यसैनिकांनी मौलिक मार्गदर्शन केले.” आणि पुढच्या ओळीत सिक्स-केचं कोटेशन जोडा.