विटा वाचल्या, शाळा गेली

ओहायोची राजधानी कोलंबस. तिथल्या विधानभवनाजवळून थर्ड स्ट्रीट धरून दक्षिणेला निघालं, महामार्गावरचा पूल ओलांडला, की लिव्हिंग्स्टन अव्हेन्यूपाशी जर्मन व्हिलेज लागतं. २३३ एकरांची ही वस्ती एकोणिसाव्या शतकात जर्मन गवंडी, सुतार, खाटीक आणि बिअरच्या भट्ट्यांवरचे कामगार यांनी वसवली. १८६५ पर्यंत शहरातला दर तिसरा माणूस जर्मन होता. घरं त्यांच्या ऐपतीची: लाल विटांची, दीड-दोन मजली, चुनखडीच्या दगडाच्या पायावर उभी, पाटीच्या दगडाची छपरं, रस्त्याला अगदी खेटून. इथे महाल नाही, किल्ला नाही. आपल्याकडच्या वादांच्या संदर्भात ही जागा मोलाची वाटते ती त्यामुळेच.

वाद दोन आहेत. पहिला वाड्यांचा. पुण्याच्या पेठांमधले आणि गिरगावातले वाडे-चाळी पाडून टॉवर उभे राहावेत की वारसा म्हणून जपावेत? दुसरा भाषेचा. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची केली, विरोध झाल्यावर जूनमध्ये शब्द बदलून नवा निर्णय काढला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्याआधी दुकानांवरच्या मराठी पाट्यांवरून रण माजलं होतं. हे दोन्ही वाद आपण ‘संस्कृती वाचवा’ या एकाच घोषणेखाली घालतो. जर्मन व्हिलेज पाहिल्यावर ते वेगळे काढावेसे वाटतात.

आधी बघायचं कसं, ते सांगतो. गाडी असेल तर पार्किंगची पाटी पूर्ण वाचल्याशिवाय गाडी लावू नका. गल्ल्या अरुंद आहेत आणि नियम रस्त्यागणिक बदलतात. फुटपाथही विटांचे असल्यामुळे झाडांच्या मुळांनी जागोजागी उचलले गेलेत. सपाट तळव्याचे बूट घाला. बाबागाडीची चाकं लहान असतील तर ती अडकतच जाणार. जानेवारी-फेब्रुवारीत या विटांवर बर्फाचा पातळ थर बसतो आणि तो दिसत नाही, तेव्हा ज्येष्ठांना घेऊन जायचं असेल तर मे ते ऑक्टोबर बरा. थर्ड स्ट्रीटवर ३२ खोल्यांचं बुक लॉफ्ट हे पुस्तकांचं दुकान आहे, त्याच्या पुढे सेंट मेरी चर्चचा उंच मनोरा. तिथून पूर्वेला मोहॉक स्ट्रीटवर वळा. मुख्य रस्त्यापेक्षा या आतल्या विटांच्या रस्त्यांवर वस्तीचा खरा चेहरा दिसतो. शेवट जर्मन कवी शिलरच्या नावाच्या २३ एकरांच्या शिलर पार्कमध्ये करावा. घरांच्या आत डोकवायचं असेल तर जूनच्या अखेरच्या रविवारी होणाऱ्या घर-बाग फेरीचं तिकीट आधी काढावं लागतं. एरवी ही लोकांची राहती घरं आहेत, अंगणात शिरून फोटो काढू नयेत.

ही वस्ती वाचली कशी? १९५० च्या दशकात शहराने तिला झोपडपट्टीच्या रांगेत बसवलं होतं आणि जवळजवळ एक तृतीयांश भाग पाडलाही होता. फ्रँक फेच नावाच्या रहिवाशाने जुनं घर विकत घेऊन दुरुस्त केलं, इतरांनाही तयार केलं आणि १९६० मध्ये जर्मन व्हिलेज सोसायटी स्थापन झाली. पुढे शहराने कायदा करून एक आयोग नेमला. खिडकी, दार, छप्पर, कुंपण असं बाहेरून दिसणारं काहीही बदलायचं तर त्या आयोगाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. अर्जासोबत फोटो, नकाशा आणि वापरायच्या सामानाचा तपशील द्यायचा, सुनावणी उघडपणे होते. घराच्या आत तुम्ही स्वयंपाकघर हलवा नाहीतर भिंत काढा, आयोगाला देणंघेणं नाही. १९७४ मध्ये ही वस्ती राष्ट्रीय वारसा नोंदणीत गेली ती या स्थानिक नियमांनंतर. आपल्याकडे बरेचदा उलटं होतं. वाड्याचं नाव आधी यादीत जातं, मालकाला भीती बसते की आता खिळाही ठोकता येणार नाही, आणि भाडेकरूंच्या नाममात्र भाड्यात दुरुस्ती परवडत नाही म्हणून तो वाडा पडायची वाट पाहत बसतो. नियम बाहेरच्या रूपापुरता ठेवला आणि तो आधीच स्पष्ट लिहून दिला, तर मालक शत्रू होत नाही.

आता विटांकडे जवळून पाहा. ही वीट आजच्या यंत्रातल्या विटेपेक्षा मऊ आणि जास्त सच्छिद्र आहे. मूळ जोडकाम चुन्याचं. पावसाचं आणि जमिनीतलं पाणी भिंतीत शिरतं आणि चुन्याच्या दरजांमधून, म्हणजे विटांमधल्या सांध्यांमधून, बाहेर पडतं. काही भिंतींवर नंतर कुणीतरी ‘मजबुतीसाठी’ सिमेंटने दरजा भरलेल्या दिसतात. सिमेंट विटेपेक्षा कडक आणि बंदिस्त असतं, त्यामुळे पाण्याला बाहेर पडायला वीटच उरते. कोलंबसच्या हिवाळ्यात तापमान शून्याच्या खाली-वर सतत होत राहतं. विटेतलं पाणी गोठलं की साधारण नऊ टक्के फुगतं आणि विटेचा दर्शनी पापुद्रा उडतो. मग राहते ती खोलगट, भुसभुशीत वीट आणि तिच्याभोवती उंच उभी सिमेंटची चौकट. अशी भिंत दिसली की चूक कुठे झाली ते विचारावं लागत नाही.

योग्य पद्धत वेळखाऊ आहे. जुनी दरज तिच्या रुंदीच्या दोन ते अडीचपट खोल, हातछिन्नीने खरवडायची. ग्राइंडर घातला की विटांच्या कडा कापल्या जातात. धूळ काढून भिंत ओलसर करायची. एक भाग चुना, अडीच-तीन भाग चाळलेली वाळू, असं मिश्रण थराथराने दाबून भरायचं. नंतर काही दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवायचं, कारण कडक ऊन लागलं की चुना पकडायच्या आधीच सुकतो. थंडी पाच अंशांखाली जाणार असेल तर काम काढूच नये. आणि रंग काढायला वाळूचा मारा कधीही करू नये, भाजलेल्या विटेची कठीण कातडी त्याने निघून जाते.

पेठांमधल्या वाड्यांत हीच चूक होते. इथे बर्फ नाही, पण पावसाळा आहे. लाकडी खांबांच्या सांगाड्यात माती-चुन्याने बांधलेल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, लोणा लागतो, पोपडे सुटतात आणि भिंतीत दडलेला सागवानी खांब तळाशी कुजतो. मग ‘वाडा धोकादायक झाला’ असा शेरा येतो. सगळेच वाडे या कारणाने पडत नाहीत, पण चुन्याचं काम येणारे गवंडी तयार केल्याशिवाय वारसा समित्या नेमून उपयोग नाही.

जर्मन व्हिलेजच्या जपणुकीची किंमतही सांगितली पाहिजे. ज्या मजुरांनी ही घरं बांधली त्यांच्या आजच्या बरोबरीच्या माणसाला तिथे घर परवडत नाही. गिरगावात किंवा कसब्यात जपणूक यशस्वी झाली तर हेच होईल, त्यामुळे भाडेकरूंच्या हक्काचा प्रश्न त्याच नियमात सोडवायला हवा.

आणि भाषा? इथे ‘वारसा वाचला’ हे म्हणणं संपतं. कोलंबसच्या या जर्मनांकडे काय नव्हतं! ‘डेर वेस्टबोटे’ हे जर्मन वृत्तपत्र १८४३ पासून निघत होतं, मेनरकोर गायनमंडळ १८४८ पासूनचं, चर्चमध्ये जर्मन, शाळेत जर्मन. पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरली आणि दोन-तीन वर्षांत हे कोसळलं. १९१८ मध्ये वृत्तपत्र बंद पडलं, शाळांतून जर्मन काढली गेली, जर्मन पुस्तकं जाळली गेली. शिलर स्ट्रीटचा व्हिटियर स्ट्रीट झाला, बिस्मार्क स्ट्रीटचा लान्सिंग. १९१९ मध्ये ओहायोने आठवीच्या खाली जर्मन शिकवण्यावर कायद्यानेच बंदी घातली. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नेब्रास्का राज्याच्या खटल्यात असे कायदे रद्द केले, ओहायोचाही गेला. पण तोवर एका पिढीचा धागा तुटला होता. खटला जिंकला आणि वर्ग रिकामा राहिला. पार्कला शिलरचं नाव परत मिळालं, सॉसेजच्या हॉटेलावर जर्मन अक्षरं आली. फुटपाथवर जर्मन ऐकू येत नाही.

म्हणून पाट्यांच्या आणि शहरांच्या नावांच्या लढाईत खर्च होणारी ताकद पाहून वाईट वाटतं. नाव कधीही परत लावता येतं. हिंदीच्या सक्तीला झालेला विरोध रास्तच होता, सहा वर्षांच्या मुलावर तिसरी भाषा लादू नये. पण त्याच महिन्यांत पट कमी म्हणून बंद होणाऱ्या मराठी शाळांसाठी तेवढी माणसं रस्त्यावर आली नाहीत. आम्हा परदेशस्थांवर भिस्त ठेवू नका. अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा स्वयंसेवकांच्या जिवावर, सुटीच्या दिवशी, आठवड्याला दोनेक तास चालतात. कोलंबसच्या जर्मनांकडे आठवडाभराची शाळा होती आणि तरीही ती पुरली नाही. मराठीतून गणित आणि विज्ञान शिकवणारी सरकारी शाळा मुख्यतः महाराष्ट्रातच चालू शकते. गल्लीतली तशी शाळा चालू आहे का, तिथे गणिताचा शिक्षक आहे का, पावसात छत गळतं का, हे या जूनमध्ये जाऊन पाहा आणि नसेल तर नगरसेवकाच्या दारात बसा.