दांडी तुटली म्हणून भिंत फोडायची?

डोकं फिरलंय माझं, म्हणून सरळ लिहायलाच बसले. शॉवरच्या डायव्हर्टरची दांडी पाहिजे होती, बस्स. डायव्हर्टर म्हणजे गरम-गार मिसळून पाणी शॉवरला नाहीतर खालच्या नळाला, म्हणजे स्पाउटला, वळवणारा भिंतीतला नळ. सासऱ्यांच्या बाथरूममधल्या सिंगल लिव्हर डायव्हर्टरची दांडी मुळाशी चिरली, मागची गोल प्लेट बोअरच्या पाण्यानं खाल्ली, क्रोमचे पापुद्रे निघायला लागलेत. आतून एक थेंब गळत नाही, गरम गार दोन्ही व्यवस्थित येतंय, फक्त बाहेर दिसतं तेवढंच खराब झालंय. तर सोलापुरात नव्या पेठेपासून विजापूर रोडपर्यंत ज्या ज्या दुकानात गेले तिथं एकच उत्तर, "अक्का, ते मॉडेल बंद झालं की, आता नवीनच बसवा." नवीनच म्हणजे काय तर भिंत फोडायची, आतली बॉडी काढायची, दुसरी बसवायची. आणि टाइल्स? "त्या डिझाइनच्या आता कुठं मिळतात ओ." म्हणजे दांडीपायी भिंत, भिंतीपायी टाइल्स आणि टाइल्सपायी अख्खं बाथरूम. एका दांडीसाठी!

दांडी तुटली याचा राग नाही मला. वस्तू आहे, आज ना उद्या तुटणारच. राग याचा आहे की विकताना कुणी तोंड उघडून सांगत नाही की ही एक वस्तू नाही, दोन आहेत. एक भिंतीत जाते, पितळेची बॉडी, तिला गरम, गार, शॉवर, स्पाउट असे पाईप जोडतात आणि वरून गिलावा आणि टाइल्स बसतात, ती मग वर्षानुवर्षं तिथून हलत नाही. दुसरी बाहेर राहते, प्लेट आणि दांडी. बॉक्सवर कुठं एक्सपोज्ड पार्ट किट छापलेलं असतं, कुठं ट्रिम, काउंटरवर सगळे नुसतं वरचा पार्ट म्हणतात. शोरूमच्या भिंतीवर चकचकीत वरचा पार्ट लावलेला असतो, आपण तो बघून रंग ठरवतो, गोल का चौकोनी ठरवतो, आणि पुढची पंधरा-वीस वर्षं ज्याच्यावर अडकलेली आहेत ती बॉडी मात्र मागं गोडाऊनमध्ये खोक्यात पडलेली असते, ती उघडून दाखवायची कुणाला गरज वाटत नाही. एका कंपनीच्या बॉडीवर दुसऱ्या कंपनीचा वरचा पार्ट बसत नाही. हे एक वाक्य आहे. एकच. हे सांगायला किती सेकंद लागतात?

आणि एकाच कंपनीचं घेतलं म्हणजे सुटलात असंही नाही. ह्या सिरीजचा वरचा पार्ट त्या बॉडीवर चालेल पण दुसऱ्या सिरीजचा चालणार नाही, कुठं आतलं कार्टेज, म्हणजे दांडी फिरवली की पाणी कमी-जास्त, गरम-गार करणारा भाग, बॉडीसोबत येतं, कुठं वरच्या पार्टसोबत येतं, कार्टेज कुठं ३५ एमएमचं, कुठं ४० एमएमचं, दांडी ज्याच्यावर बसते त्या टोकाचा आकार वेगळा, प्लेट धरायचे स्क्रू वेगळ्या अंतरावर. मी सगळं नीट काढून नेलं होतं. दांडीखाली बारीक ग्रब स्क्रू असतो तो ॲलन कीनं काढला, टाकीचा कॉक बंद करून कार्टेज बाहेर काढलं, पट्टीनं मोजलं, चारही बाजूंनी फोटो काढले, बॉडीवर जो नंबर कोरलेला होता तो कागदावर लिहिला. दुकानातल्या माणसानं फोटोकडं बघितलंसुद्धा नाही. "साहेबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो." काय समजावून सांगणार तुम्ही साहेबांना? मोजमाप मी घेतलंय, नंबर माझ्या हातातल्या कागदावर आहे, तुमच्याकडं कॅटलॉग आहे, तो उघडा आणि सांगा ह्या बॉडीवर आज कुठला वरचा पार्ट बसतो. एवढंच काम होतं तुमचं.

हे जमतच नाही असं म्हणू नका. अमेरिकेत डेल्टा कंपनीची मल्टीचॉइस युनिव्हर्सल म्हणून बॉडी आहे, एकदा भिंतीत बसली की त्यांच्या वेगवेगळ्या सिरीजचे वरचे पार्ट त्याच बॉडीवर बदलता येतात. जर्मनीच्या हान्सग्रोहेचा आयबॉक्स युनिव्हर्सल पण ह्याच विचारानं केलेला, भिंतीतला डबा एकच, वर साधा मिक्सर लावा नाहीतर थर्मोस्टॅट लावा. ते सुद्धा आपापल्या कंपनीपुरतंच आहे, दुसऱ्याचं नाही चालत, पण निदान दांडीसाठी भिंत तरी फोडायला लावत नाहीत. मग आमच्या गळ्यात जे मारलं त्याचं मॉडेल बंद करताना कंपनीला एवढंही सुचू नये का की ह्या बॉड्या लोकांच्या भिंतीत आहेत? मोबाईल आहे का तो, जुना झाला की बदलायला?

तोपर्यंत सासरे काय करतायत माहिती आहे? पक्कड. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस ओल्या हातानं पक्कड लावून ते टोक फिरवतो, पक्कड सटकली की गीझरचं उकळतं पाणी सरळ अंगावर. रोज सकाळी बाथरूमबाहेर मी उभी असते. दुकानात सांगितलं तर म्हणे, "तोपर्यंत बादली वापरा की."

आता दुसरा भाग ऐका. वरच्या मजल्यावर धाकट्या दिरांचं बाथरूमचं काम चालू आहे आणि तिथं हाच सगळा खेळ परत चाललाय माझ्या डोळ्यांदेखत. डायव्हर्टर घ्यायला गेलो तर एक म्हणतो थ्री वे घ्या, दुसरा म्हणतो फोर वे, तिसरा फाइव्ह वे, आणि कोण काय मोजतंय ते कुणालाच धड सांगता येईना. एक जण फक्त बाहेर जाणाऱ्या वाटा मोजतो, एक जण आत येणारं गरम-गार धरून मोजतो. सरळ विचारा ना, बाई, तुम्हाला पाणी कुठं कुठं पाहिजे? वरचा शॉवर, खाली स्पाउट, हँड शॉवर. तीन ठिकाणी पाहिजे, गरम आणि गार धरून एकूण पाच पाईप. झालं! पण नाही, आकडा फेकायचा आणि गिऱ्हाईकानं मान हलवायची.

मग दाखवला तो जेवणाच्या ताटाएवढा रेन शॉवर. अरे पण प्रेशर? सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, ते आधी हौदात, तिथून मोटरनं गच्चीवरच्या टाकीत, आणि टाकीतून जेवढ्या उंचीवरून पडेल तेवढंच आपलं प्रेशर. प्रेशर बारमध्ये मोजतात, दहा मीटर उंची असेल तर एक बार होतं. वरच्या मजल्याच्या शॉवरपासून टाकी जेमतेम दोन मीटर वर, म्हणजे ०.२ बार, त्यातूनही पाईप आणि एल्बो आपला वाटा खातात. आणि त्या भारीतल्या डायव्हर्टरच्या कागदावर बारीक अक्षरात कमीत कमी अर्धा, नाहीतर एक बार लिहिलेलं असतं. लाख वेळा डिझाइन पसंत करा, त्या पाण्यानं दाढीचा फेससुद्धा धुतला जाणार नाही. हे विचारलं तर उत्तर तयार, "प्रेशर पंप बसवा." बसवू की, पण आमच्याकडं सोलर आहे, पंप नुसता गार लाइनला बसवला तर मिक्सरमधून गार पाणी गरम लाइनमध्ये उलटं घुसतं, सोलरची टाकी गार करून टाकतं, त्याला पाणी उलटं जाऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह लागतो, दोन्हीकडचं प्रेशर बरोबरीचं लागतं. हे दुकानदारानं सांगितलं? नाही. प्लंबरनं सांगितलं? "व्हतंय की वहिनी, काय टेन्शन घेऊ नका." मलाच घ्यावं लागतं टेन्शन, कारण राहायचं आम्हाला आहे तिथं!

आणि ती बॉडी भिंतीत किती खोल बसवायची त्याचा तर काही विचारच नाही. बॉडीवर प्लास्टिकचं कव्हर असतं, त्याच्यावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन खुणा असतात, टाइलचा बाहेरचा पृष्ठभाग त्या दोन खुणांच्या मध्ये यायला पाहिजे. म्हणजे बॉडी बसवतानाच गिलावा किती, टाइल ८ एमएमची का १० ची, खाली सिमेंटचा माल लावणार का टाइल चिकटवायचं केमिकल, हे सगळं धरायला लागतं. प्लंबर म्हणतो ते फरशीवाल्याचं काम, फरशीवाला म्हणतो प्लंबरचं काम. खोल गेली की दांडी नीट बसत नाही, मग एक्स्टेन्शन शोधत फिरा. बाहेर राहिली की प्लेटमागं फट पडते आणि पाणी भिंतीत जातं. मिस्त्रीनं तर ते कव्हर पहिल्याच दिवशी काढून कचऱ्यात टाकलेलं, मी पोत्यातून शोधून काढलं. आतमध्ये वाळू गेली असती तर नव्या कार्टेजची वाट लागली असती. पाईप जोडल्यावर आधी पाणी सोडून घाण काढून टाका, मग टाइल्स लावायच्या आधी प्रेशर टेस्ट करा, एवढं दोनदा सांगितलं तर माझ्याकडं असं बघत होते जणू मी त्यांच्या मजुरीतले पैसे कापले.

रंगाचं थोडक्यात सांगते. काळा मॅट, रोझ गोल्ड सगळं छान दिसतं शोरूमच्या लाईटमध्ये. आपल्या बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काळ्यावर सगळ्यात आधी दिसतात, आणि फरशी धुवायचं ॲसिड प्लेटवर उडालं की कुठलंच कोटिंग वाचत नाही. सासऱ्यांच्या प्लेटचं निम्मं वाटोळं त्या ॲसिडनंच झालंय.

माझं म्हणणं पहिल्यापासून होतं, वॉल मिक्सर लावा. बाहेर दिसतो, जुन्या पद्धतीचा दिसतो, दिसू दे. गरम आणि गारच्या पॉइंटमध्ये सहा इंच अंतर, म्हणजे १५० एमएम, थोडंफार इकडंतिकडं झालं तर त्याच्या वाकड्या पायांनी जुळवून घेता येतं, आणि उद्या खराब झाला तर पाना घेऊन काढायचा आणि कुठल्याही कंपनीचा दुसरा लावायचा. भिंतीला हात नाही. पण जाऊबाईंना कन्सील्डच, म्हणजे भिंतीत लपणारा डायव्हर्टरच पाहिजे, बाथरूम त्यांचं, पैसे त्यांचे, हौस असते माणसाला, त्यांच्यावर माझा काही राग नाही. त्यांनी मनासारखं निवडावं आणि त्यांना ते टिकावं, यात जास्तीचं काय मागितलं?

म्हणून काल दुकानात जाऊन सांगून आले. बिलावर नुसतं "डायव्हर्टर सेट १" लिहिलेलं चालणार नाही. बॉडीचा नंबर वेगळा, वरच्या पार्टचा नंबर वेगळा, कार्टेज कशासोबत आलं ते, आणि ह्या बॉडीवर दुसरे कुठले वरचे पार्ट बसतात ते कॅटलॉगमध्ये बघून, खाली सही-शिक्क्यासकट. आणि एक जादा वरचा पार्ट आत्ताच घेऊन ठेवणार, दहा वर्षांनी मॉडेल बंद झालं हे मला परत ऐकायचं नाही. मालक म्हणाले, "वहिनी, असं आजपर्यंत कुणी मागितलं नाही." मी मागतेय. सोमवारी फरशीवाला येणार आहे, त्याच्या आत लिहून द्या, नाहीतर ती बॉडी आमच्या भिंतीत जाणार नाही.