'फिडलर ऑन द रूफ'मधली परंपरा किती जुनी?

'फिडलर ऑन द रूफ' या अमेरिकी संगीत नाटकाविषयी फिरणाऱ्या एका मजकुरात तीन विधाने ठामपणे केलेली असतात: त्यातली गाणी आणि नाच ही ज्यूंची प्राचीन लोकपरंपरा आहे, त्यात सगळ्या ज्यूंचे जीवन दिसते, आणि नायक तेव्ये अखेर प्रत्येक मुलीने केलेली नवऱ्याची निवड मान्य करतो. नाटकाविषयीच्या प्रेमापोटीच हे लिहिले जात असले, तरी तिन्ही विधाने चुकीची आहेत.

'सनराइज, सनसेट' हे गाणे आज ज्यू लग्नांत इतक्या सहजपणे वाजते की ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आले असावे असे वाटते. परंतु त्याचे संगीत जेरी बॉक यांचे आणि शब्द शेल्डन हार्निक यांचे असून ते नाटकाबरोबरच, २२ सप्टेंबर १९६४ रोजी, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर आले. लग्नाच्या प्रवेशातील बाटल्यांचा नाचही नाटकाचे दिग्दर्शक व नृत्यदिग्दर्शक जेरोम रॉबिन्स यांनी बसवलेला आहे. त्यांनी ब्रुकलिनमधल्या हसिदी या कर्मठ ज्यू पंथाच्या लग्नांना जाऊन निरीक्षण केले होते, आणि तिथे एका माणसाने डोक्यावर बाटली तोलून केलेली करामत त्यांच्या मनात राहिली. तिच्यातून त्यांनी रांगेने नाचणारे, टोपीवर बाटली ठेवून गुडघे टेकत पुढे सरकणारे नर्तक उभे केले. याला प्राचीन म्हणणे म्हणजे या कलावंतांचे श्रेय नाकारणे होय, आणि मला तो अन्याय वाटतो.

दुसऱ्या विधानाला आपल्या कोकणातले बेने इस्राएल हे ज्यूच पुरेसे उत्तर आहेत. नाटकातले अनातेव्का हे १९०५ सालच्या झारशाही रशियातले, यिडिश ही पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा बोलणाऱ्यांचे गाव आहे. शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, तेलाचा घाणा बंद ठेवत म्हणून 'शनिवार तेली' म्हटल्या गेलेल्या बेने इस्राएलांची भाषा मात्र मराठी, आणि लग्नातली मेंदी व नवसाचा मलिदा हे त्यांचे खास विधी.

राहिली मुलींची गोष्ट. थोरल्या त्साइटलच्या आणि दुसऱ्या होडेलच्या लग्नाच्या वेळी 'पण दुसऱ्या बाजूने पाहिले तर' असे म्हणत तेव्ये स्वतःला समजावतो. तिसरी हावा ख्रिस्ती तरुणाशी लग्न करते, तेव्हा मात्र त्याला दुसरी बाजू सापडतच नाही आणि तो तिला मुलगी मानणे सोडतो. शोलेम अलेइखेम यांच्या मूळ यिडिश कथांमध्ये हावा नवऱ्याला सोडून बापाकडे परतते. नाटकात ती नवऱ्याबरोबरच राहते. तेव्येचे कुटुंब गाव सोडत असताना ती निरोपाला येते तेव्हाही तेव्ये तिच्याशी बोलत नाही. 'देव तुमच्या सोबत असो' एवढेच पुटपुटतो, आणि ते शब्द हावापर्यंत पोचवते ती त्साइटल.