रबराचं भूत मला अजूनही आवडतं

हल्ली कुठलाही ट्रेलर आला की खाली पहिली कमेंट "व्हीएफएक्स (म्हणजे कॉम्प्युटरचे इफेक्ट्स) गंडलंय" आणि दुसरी "जुन्या काळी बघा, सगळं खरं करायचे". पहिलीशी माझं काही भांडण नाही. दुसरीशी आहे, आणि गंमत म्हणजे मी त्याच पार्टीची आहे, हाताने केलेल्या इफेक्ट्सवर जीव टाकणारी. पण "खरं होतं म्हणून भारी होतं" हे मला पटत नाही. खरं कुठे होतं बाबांनो? रबर होतं, जेली होती, मेण होतं आणि फ्रेमच्या बाहेर केबल ओढत बसलेली माणसं होती. तरीही ते भारी वाटतं, ते का वाटतं यावर बोलायचंय.

माझा नंबर एक पिक्चर जॉन कारपेंटरचा 'द थिंग', १९८२ चा. अंटार्क्टिकातला तळ, बाहेर बर्फ, आत डझनभर पुरुष आणि त्यांच्यातला कोण माणूस आणि कोण माणसाची नक्कल करणारा प्राणी हे कोणालाच कळत नाहीये. प्राणी बनवायचं काम रॉब बॉटिनकडे होतं, काम सुरू झालं तेव्हा वय २२! वर्षभराहून जास्त काळ हा पोरगा सुट्टी न घेता राबला, स्टुडिओतच झोपायचा, शेवटी दमून हॉस्पिटलात भरती करावं लागलं. कुत्र्यांच्या पिंजऱ्यातला प्राणी मग स्टॅन विन्स्टनच्या टीमने करून दिला.

त्यातला छातीचा सीन ज्यांनी पाहिलाय ते आता हसत असतील. एकाचं हृदय बंद पडलंय म्हणून डॉक्टर त्याच्या छातीवर शॉक देतो, दुसऱ्यांदा द्यायला जातो तर छातीच उघडते, आत दात, आणि डॉक्टरचे दोन्ही हात कोपराच्या खाली कचकन तुटतात. हे कसं केलं माहितीये? दोन्ही हात नसलेला एक माणूस आणला, त्याला डॉक्टरच्या चेहऱ्याचा मुखवटा घातला आणि कोपरापासून पुढे खोटे हात लावले, आत मेणाची हाडं, रबराच्या शिरा आणि जेली. कॅमेरा त्या मुखवट्यावर रेंगाळतच नाही, तुमचं लक्ष हातांकडे असतं आणि तेवढ्यात शॉट संपलेला असतो. मग छाती उघडलेल्या त्या पेशंटचं डोकं मानेपासून ताणत ताणत सुटतं, खाली लोंबतं, त्याला पाय फुटतात आणि ते चालायला लागतं. या शॉटच्या वेळी वापरलेल्या केमिकल्सची वाफ खोलीत साठली होती, सीनसाठी जाळ पेटवला आणि भडका उडाला, अख्खं मॉडेल पेटलं, सगळं परत उभं करून परत शूट. आणि एवढं करून पिक्चर आपटला. दोनच आठवडे आधी स्पीलबर्गचा गोड परग्रहवासी 'ई.टी.' थेटरात आला होता, लोकांना तो हवा होता, हा नको होता.

आता २०११ ची गोष्ट. याच पिक्चरच्या आधीची कथा सांगणारा नवा पिक्चर आला, नाव तेच. त्यासाठी एका नामांकित टीमने परत हाताने प्राणी बनवले, मोटरवाले, केबलवाले, सगळं सेटवर शूटही झालं. आणि नंतर त्यातल्या बहुतेकांवर कॉम्प्युटरची चकचकीत कातडी चढवली गेली! पिक्चर बघताना प्राणी भिंतीवरून सरसर जातो पण त्याचं वजन कुठेच पडत नाही, माझा राग अजून गेलेला नाही.

इथपर्यंत वाचून "बघा, हेच तर आम्ही म्हणतो" असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबा. त्याच टीमने मग चिडून, लोकांकडून ऑनलाइन वर्गणी काढून स्वतःचा पिक्चर केला, 'हार्बिंजर डाउन', २०१५. प्राणी सगळे हाताने केलेले, शपथ घातल्यासारखे. मी मोठ्या आशेने बघायला बसले. आणि... कंटाळवाणा आहे हो. प्राणी झकास आहेत पण त्यांच्यासमोर उभ्या असलेल्या माणसांबद्दल मला काहीच वाटत नाही, त्यामुळे ते मेले काय जगले काय. म्हणजे नुसतं रबर असून भागत नाही.

मला वाटतं खरी मजा अडचणीत आहे. प्राणी जड आहे, एकाच बाजूने बरा दिसतो, पाण्यात बिघडतो, मग डिरेक्टरला आधीच ठरवावं लागतं की कॅमेरा कुठे, अंधार किती, काय दाखवायचं आणि काय झाकायचं. 'जॉज'चा यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात बंद पडायचा म्हणून त्याच्याऐवजी पिवळी पिंपं दाखवली हा किस्सा सगळ्यांना पाठ आहे, तो सोडून देते. मला 'ज्युरासिक पार्क' जास्त जवळचा. त्यात डायनासोर दिसतात साधारण १५ मिनिटं, त्यातली कॉम्प्युटरची साधारण ६. रात्रीच्या पावसातल्या त्या सीनसाठी टी-रेक्सचं पूर्ण आकाराचं यंत्र उभं केलं होतं, कित्येक टनांचं. कृत्रिम पावसाचं पाणी त्याची फोमची कातडी पिऊन टाकायची, वजन वाढायचं आणि ते धूड थरथरायला लागायचं, मग टेकच्या मधल्या वेळात माणसं टॉवेल घेऊन त्याला न्हाऊ घातलेल्या म्हशीसारखं पुसत बसायची. जवळून दिसतं ते डोकं, डोळा, जबडा बहुतेक यंत्राचं, पूर्ण अंगाने पळतो तो कॉम्प्युटरचा. दोन्ही एकमेकांची उणीव झाकतात. म्हणून "आम्ही सीजी, म्हणजे कॉम्प्युटरची चित्रं, वापरलंच नाही" अशी जाहिरात आली की मला हसू येतं. 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड'च्या गाड्या नामिबियाच्या वाळवंटात खरोखर पळवल्या, खांबांवर माणसं खरोखर झुलली, आणि तरीही कॉम्प्युटरचा हात लागलेले शॉट त्यात दोन हजारांच्या घरात आहेत. मग काय बिघडलं? काहीच नाही.

आणि लांब कशाला, आपल्याकडेच बघा, 'झपाटलेला' आहे ना! १९९३. तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्यांचा. त्या बाहुल्याला येतं काय तर तोंड हलतं, मान वळते, असंच थोडंफार. बाकीचं सगळं लक्ष्या करतो. त्याचे फाटलेले डोळे, त्याची तंतरलेली पळापळ, बाहुल्याला हाताने लांब ढकलतानाचं ते झटणं. समोर बाहुल्याऐवजी नुसता हिरवा पडदा असता तरी लक्ष्याने केलं असतंच म्हणा, तो लक्ष्या होता, पण हातात धरायला गळा असणं आणि नसणं यात फरक पडतोच. लहानपणी माझ्या धाकट्या भावाने या पिक्चरनंतर घरातली बाहुली माळ्यावर टाकायला लावली होती. माझी बाहुली! भीती त्याला आणि भुर्दंड मला.

आणि ही आपली हौस आजची नाही. दादासाहेब फाळके मुळात जादूचे प्रयोग करायचे, स्वतःचं आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केल्फा' या नावाने. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी वाटाण्याचं रोप वाढताना थोडं थोडं चित्रित करून छोटी फिल्म केली होती. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची छोटी मुलगी मंदाकिनी कृष्ण झालीये आणि पाण्याखाली त्या भल्यामोठ्या नागाशी झुंजते. नाग खोटा आहे हे शंभर टक्के दिसतं. पण पोरगी अशी काय भिडते त्याला, की मी दरवेळी नागाकडे बघायचंच विसरते.

असो, फार झालं. शनिवारी रात्री मोकळे असाल तर १९८२ चाच 'द थिंग' लावा, चुकून २०११ चा लावू नका, पोस्टरवर नाव सारखंच आहे. जेवण आधी उरकून घ्या. आणि घरात कुत्रा असेल तर पिंजऱ्याच्या सीनला त्याला घेऊन सरळ खाली चक्कर मारायला जा, तुम्हालाही आणि त्यालाही बरं पडेल.