ग्रेनेडात क्रांतीची ‘खूणही उरली नाही’? मग विमानतळावर नाव कोणाचं?

व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरून येणारा एक मजकूर आहे. त्याचा सारांश असा: कॅरिबियनमधल्या ग्रेनेडा या चिमुकल्या देशात १९७९ साली डाव्यांनी सत्ता बळकावली, कम्युनिस्ट हुकूमशाही आणली, विमानतळाच्या नावाखाली रशियाचा लष्करी तळ बांधायला घेतला आणि साडेचार वर्षांत एकमेकांनाच गोळ्या घातल्या. मग अमेरिकेने जनतेला सोडवलं, लोकांनी नाचत स्वागत केलं, आणि आज त्या क्रांतीची तिथे खूणही उरलेली नाही.

यातलं बरंच काही खरं आहे, म्हणूनच उत्तर द्यायला बसलो. निव्वळ थाप असती तर सोडून दिलं असतं.

‘सत्ता बळकावली’ हे मान्य. १३ मार्च १९७९ च्या पहाटे न्यू जुएल मूव्हमेंट या डाव्या पक्षाच्या मूठभर सशस्त्र लोकांनी लष्कराची छावणी आणि रेडिओ केंद्र ताब्यात घेतलं. पंतप्रधान एरिक गैरी तेव्हा परदेशात होते. पण हे गैरी कोण, ते मजकुरात नाही. १९५१ च्या मजूर संपातून वर आलेला, मळ्यांवरच्या गरिबांचा लाडका पुढारी. पुढे त्याच माणसाने विरोधकांना झोडपायला ‘मुंगूस टोळी’ पाळली. न्यू जुएलचे पुढारी आणि १९७९ नंतरचे पंतप्रधान मॉरिस बिशप यांना १९७३ मध्ये बेदम मार बसला. त्यांचे वडील रुपर्ट जानेवारी १९७४ मध्ये, स्वातंत्र्याला दोन आठवडे उरले असताना, गोळी लागून गेले. संयुक्त राष्ट्रांत जाऊन उडत्या तबकड्यांवर संशोधन करा म्हणणारे पंतप्रधान हेच.

‘कम्युनिस्ट हुकूमशाही’चं काय? पुढारी स्वतःला मार्क्सवादी म्हणवत, पण त्यांनी ब्रिटनच्या राणीला राष्ट्रप्रमुख म्हणून तसंच राहू दिलं. राणीचे गव्हर्नर-जनरल पॉल स्कून आपल्या बंगल्यात मुक्कामाला होते. खाजगी दुकानं, हॉटेलं चालूच राहिली. हुकूमशाही मात्र होती, आणि डाव्या मित्रांना हे ऐकायला आवडत नाही. निवडणुका कधीच झाल्या नाहीत, ‘टॉर्चलाइट’ हे वृत्तपत्र पहिल्याच वर्षी बंद पाडलं, खटला न चालवता माणसं डांबली. ‘बिशपचं रामराज्य होतं, सीआयएने मोडलं’ असा उलट्या बाजूचा मजकूरही फिरतो. तोही इतकाच कच्चा आहे.

आता विमानतळ, म्हणजे मुख्य मुद्दा. सगळा देश ३४४ चौरस किलोमीटरचा, बृहन्मुंबईच्या निम्म्याहून थोडा मोठा. जुना विमानतळ पर्ल्स इथे, राजधानीच्या पलीकडच्या किनाऱ्यावर. तिथे रात्री विमान उतरत नसे, मोठं विमान तर दिवसाही नाही. पर्यटकाने आधी बार्बाडोसला किंवा त्रिनिदादला उतरायचं, छोटं विमान पकडायचं आणि मग डोंगर ओलांडून राजधानी सेंट जॉर्जेस गाठायचं. नव्या विमानतळासाठी पॉइंट सॅलिन्सच्या जागेचा विचार ब्रिटिशांच्या काळापासून चालला होता. बिशप सरकारने तो क्युबाच्या मदतीने प्रत्यक्षात आणायला घेतला. शेकडो क्युबन कामगार होते हे खरं, पण दळणवळण यंत्रणेचं कंत्राट प्लेसी या ब्रिटिश कंपनीकडे होतं आणि गाळ उपसायच्या कामात अमेरिकी कंपनीही होती. मार्च १९८३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी टीव्हीवर हवाई छायाचित्र दाखवून विचारलं की ज्या देशाला हवाई दलच नाही, त्याला दहा हजार फुटांची धावपट्टी कशाला? खरी धावपट्टी नऊ हजार फुटांची होती. शेजारच्या बार्बाडोसची अकरा हजारांची आहे.

तरीही हात झटकून मोकळं होता येत नाही. अमेरिकी सैन्याने जप्त केलेल्या कागदपत्रांत सोव्हिएत संघाशी केलेले गुप्त शस्त्रकरार सापडले. पक्षाच्या एका नेत्याच्या वहीत क्युबा आणि रशियाचं लष्कर हा विमानतळ वापरेल अशी नोंदही आहे. म्हणजे तो हेतू काहींच्या मनात होता. पण पुढे काय झालं? अर्धवट धावपट्टी अमेरिकेने स्वतःचे पैसे घालून पुरी केली आणि ऑक्टोबर १९८४ मध्ये ती प्रवासी विमानांसाठी खुली झाली. लष्करी तळ म्हणून जिचा बोभाटा केला, तीच पर्यटनासाठी गरजेची निघाली! पर्ल्सच्या जुन्या धावपट्टीवर आता गुरं चरतात, कडेला एक सोव्हिएत विमान गंजत पडलंय.

‘लोकांनी नाचत स्वागत केलं.’ केलं. पण आधीचे दोन आठवडे पाहा. बिशप यांचेच उपपंतप्रधान बर्नार्ड कोअर्ड यांच्या गटाने बिशप यांना नजरकैदेत टाकलं. १९ ऑक्टोबर १९८३ ला हजारोंच्या जमावाने त्यांना सोडवून किल्ल्यावर नेलं, तोच किल्ला ज्याला त्यांच्या वडिलांचं नाव दिलं होतं. तिथेच सैनिकांनी गर्दीवर गोळीबार केला आणि बिशप यांच्यासह आठ जणांना भिंतीशी उभं करून मारलं. मग चार दिवस कडक संचारबंदी. दिसेल त्याला गोळी. २५ तारखेला उतरलेल्या अमेरिकनांना मिठ्या मारणाऱ्यांत सहा दिवसांपूर्वी ‘वुई वॉन्ट मॉरिस’ ओरडणारेही होते. त्यांची सुटका बिशप यांच्यापासून नव्हे, बिशप यांच्या खुन्यांपासून झाली. जगाने मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १०८ विरुद्ध ९ मतांनी या कारवाईचा निषेध केला. महिनाभरात दिल्लीत राष्ट्रकुल परिषद भरली, नेत्यांची खाजगी बैठक गोव्यात झाली, आणि इंदिरा गांधींच्या यजमानपदाखाली कारवाईत सामील झालेले आणि तिच्यावर चिडलेले असे दोघेही एकाच टेबलाशी बसले. शेवटी ठरलं ते एवढंच की दोषारोप पुरे, आता उभारणीचं बघू.

उरलं ‘खूणही नाही’. डिसेंबर १९८४ च्या निवडणुकीत बिशप यांचं नाव घेऊन उभ्या राहिलेल्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही, हा मुद्दा त्या मजकूरवाल्यांनी घ्यायला हवा होता. पण त्याच देशात म्हातारपणी जी पेन्शन मिळते ती राष्ट्रीय विमा योजनेतून, आणि ती योजना सुरू झाली एप्रिल १९८३ मध्ये. बाळंतपणाच्या पगारी रजेचा कायदा १९८० चा. नंतर आलेल्या कुठल्याही सरकारची हे हक्क काढून घ्यायची छाती झाली नाही. २५ ऑक्टोबरला देश ‘थँक्सगिव्हिंग’ची सुट्टी घेतो आणि २०२३ पासून १९ ऑक्टोबरला राष्ट्रीय वीर दिनाचीही. सहा दिवसांत दोन सुट्ट्या, एक अमेरिकनांच्या येण्याची, दुसरी बिशप गेले त्या तारखेची.

आणि २९ मे २००९ रोजी, बिशप यांच्या जन्मदिनी, त्या वादग्रस्त विमानतळाला मॉरिस बिशप यांचं नाव दिलं गेलं. ते देणारे पंतप्रधान टिलमन थॉमस. त्यांनी एका स्वतंत्र वृत्तपत्रात भाग घेतला म्हणून बिशप सरकारनेच त्यांना दोन वर्षं तुरुंगात ठेवलं होतं, आणि ते सुटले अमेरिकी सैन्य आल्यावर. नाव नाकारायचा हक्क कोणाला असेल तर तो त्यांना होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कोअर्डही सव्वीस वर्षांनी तुरुंगाबाहेर आले.

एक खूण मात्र खरंच नाही. मारलेल्यांचे मृतदेह कॅलिविग्नीच्या छावणीत नेऊन जाळले गेले. पुढे अमेरिकी सैन्याने तिथून काही अवशेष उकरून काढले, पण त्यांची ओळख पटली नाही. बिशप यांच्या घरच्यांना फुलं वाहायला अजून थडगं नाही.