यंदा जेवण शनिवारी ठेवा

नव्याच्या सणाचं वेळापत्रक आमच्या सिनेगॉगच्या ग्रुपवर आलंय. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागलीय, पण पूर्ण वाचलं किती जणांनी ते देवालाच माहीत, कारण वाचलं असतं तर आत्तापर्यंत भांडणं सुरू झाली असती. म्हणून मीच सुरुवात करते.

फ्रेंड लिस्टमधल्या बाकीच्या मंडळींसाठी आधी थोडक्यात. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, आडनावं पेणकर, रोहेकर, दिवेकर, अष्टमकर अशी तुमच्यासारखीच, मूळ सगळं अलिबाग-पेण पट्ट्यातलं. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं आणि त्यातनं सात पुरुष आणि सात बायका वाचल्या ही आमची गोष्ट, आणि कोकणात तेलाचे घाणे चालवायचे पण शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं ठेवलेलं नाव शनवार तेली. रोश हशाना म्हणजे आमचं नवीन वर्ष, त्याला जुनी माणसं नव्याचा सण म्हणतात. योम किप्पूर म्हणजे उपासाचा दिवस, दरफळणीचा सण, त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. पुरीमला तर सरळ होळीचा सणच म्हणायचे, आणि म्हणणारच ना, ह्याच वर्षी दोन्ही एकत्र आले होते मार्चमध्ये.

हे एकत्र येणं योगायोग नाहीये बरं का. आपलं पंचांगही चंद्रावर आणि ज्यू पंचांगही चंद्रावर, आणि दोन्हीकडे मधेमधे अधिक महिना घालून सूर्याशी हिशोब जुळवतात, त्यामुळे नव्याचा सण एकतर गणपतीच्या तोंडावर येतो नाहीतर घटस्थापनेला. २०२४ ला ३ ऑक्टोबरला घट आणि रोश हशाना एकाच दिवशी, गेल्या वर्षी २२ सप्टेंबरला सकाळी घट बसले आणि त्याच संध्याकाळी आमचं वर्ष लागलं. यंदा गणपतीचा नंबर. आणि नुसता गणपतीच्या आसपास नाही, असा काही अडकलाय की कमिटीने वेळापत्रक बनवताना समोर साधं कालनिर्णय तरी ठेवलं होतं का असा मला प्रश्न पडलाय.

बघा. शुक्रवारी ११ सप्टेंबरला संध्याकाळी सण लागतो, शनिवार-रविवार १२ आणि १३ असे दोन दिवस प्रार्थना, १४ ला सोमवारी गणेश चतुर्थी. म्हणजे आपला रविवार हा अख्ख्या मुंबईचा गणपती घरी आणायचा रविवार. दादर, लालबाग, परळ सगळं पॅक, आणि त्यात सेंट्रलला मेगाब्लॉक निघाला तर विचारूच नका.

आता ह्यात मेख अशी की पहिला दिवस शनिवारी आलाय, आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, शोफार (एडक्याचं शिंग) वाजवत नाहीत. म्हणजे यंदा शोफार फक्त रविवारी. आणि आपली माणसं कशाला येतात? शोफार ऐकायला येतात आणि जेवायला येतात, उगाच खोटं कशाला बोला. कमिटीने काय केलंय, शोफार रविवारी आहेच, तर जेवणही रविवारीच ठेवलंय, "पब्लिक त्याच दिवशी येईल ना" म्हणून. अहो मग शनिवारी कोण येणार? शोफार नाही, जेवण नाही, आणि रविवारी परत तोच प्रवास करायचा आहे. कल्याण-अंबरनाथचा माणूस काय विचार करेल ते सांगायला ज्योतिषी लागत नाही.

मी वर गॅलरीत बसते, बायकांच्या बाजूला. मिनियानमध्ये, म्हणजे प्रार्थनेला लागणाऱ्या दहा जणांत, आम्हाला धरत नाहीत, मोजायचे ते पुरुषच, पण वरून डोकी फार छान मोजता येतात. हज्जान, म्हणजे प्रार्थना म्हणणारा, तेव्यावर (चौथऱ्यावर) उभा राहून दाराकडे बघत असतो तेव्हा आम्हाला वरती आधीच माहीत असतं की आठ आहेत, दोघं कमी आहेत, आणि त्यातला एक अंकल बाहेर चप्पल काढतोय. दहा झाल्याशिवाय सेफर, म्हणजे तोराची गुंडाळी, बाहेर काढून वाचता येत नाही, गेलेल्या माणसासाठीचं कदिश म्हणता येत नाही, म्हणजे ज्या घरातलं माणूस गेलंय तो मुलगा कदिश म्हणायला वसईहून आला असेल तरी तसाच परत जाणार. साध्या शनिवारी हे होतं. नव्याच्या सणाच्या पहिल्या दिवशी झालं तर मला तरी ते सहन होणार नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, जेवण शनिवारी ठेवा. रविवारी शोफार आहे, लोक येणारच, त्यांना चहा-बिस्किटं द्या, गणपतीच्या गर्दीच्या आधी घरी जाऊ द्या, आशीर्वाद देतील. शनिवारी जेवण आहे म्हटलं की शनिवार आपोआप भरेल.

ह्यावर लगेच उत्तर येणार ते मला पाठ आहे, "सिनेगॉग म्हणजे काय क्लब आहे का, प्रार्थनेला यायचं तर जेवणासाठी कशाला". हे दरवर्षी ऐकते. पेसाहच्या (इजिप्तमधून सुटकेच्या सणाच्या) वेळी, मलिदाच्या वेळी, मुलांच्या फॅन्सी ड्रेसच्या वेळी. मला सांगा, आपला धर्म कोकणात इतकी शतकं कशावर टिकला? हिब्रू पुस्तकं नव्हती, शिकवणारे नव्हते, शमा, म्हणजे देव एकच असं सांगणारी प्रार्थना, तेवढी म्हणायचे आणि बाकी विसरलेले. टिकलं काय, तर शनिवार, सुंता, खाण्याचे नियम आणि मलिदा. भिजवलेले पोहे, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं मांडायची आणि एलियाहू हानाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, नाव घ्यायचं. ताटावर बसूनच टिकला की धर्म. मग आता ताटाची लाज कशाला वाटते?

दुसरं उत्तर येईल ते मात्र मला मान्य आहे, की शनिवारी स्वयंपाक करता येत नाही. बरोबर. सगळं शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत तयार पाहिजे, आणि सप्टेंबरच्या उकाड्यात नारळाच्या दुधाची कढी शनिवारी दुपारपर्यंत कशी राहील ते कोणीही घरची बाई सांगेल. पण म्हणून जेवणच नको असं कसं? व्हेज ठेवा, म्हणजे नियमाप्रमाणे जनावर कापणारा शोहेत शोधायचाही प्रश्न नाही. पुऱ्या, सुकी बटाट्याची भाजी, वडे, फळं, आणि चीकचा हलवा. हलव्यात नारळाचं दूध असतं खरं, पण ते गव्हाच्या चीकाबरोबर आटवून आटवून घट्ट होतं, वड्या पडतात, रात्रभर राहिल्या की दुसऱ्या दिवशी जास्त चांगल्या लागतात. ढवळायला तासन्‌तास माणसं लागतात हे खरंय, आमच्या लहानपणी त्यासाठी शेजारपाजारच्यांना सुद्धा कामाला लावायचे. अजूनही लावता येईल. कुपनांचं म्हणाल तर शब्बाथला पैसे हातात घेता येत नाहीत, मग आधीच घ्या, आता काय सगळे फोनवरूनच पैसे पाठवतात.

हे झालं रोश हशानाचं. किप्पूर तर ह्याहून अवघड आहे आणि त्याबद्दल वेळापत्रकात एकच ओळ आहे, "कृपया वेळेवर उपस्थित राहावे". अहो, २० सप्टेंबर रविवार आहे. त्या दिवशी सात दिवसांच्या गणपतींचं विसर्जन. सूर्य मावळायच्या आत जेवून, पांढरे कपडे घालून, चामड्याचे बूट न घालता आत यायचं आणि मग पंचवीस तास पाणीसुद्धा नाही. दुपारी चारनंतर रस्त्यावर ढोल सुरू झाले की डोंबिवलीहून मांडवीला वेळेवर कसा पोचणार माणूस? गणपतीवाल्यांना नावं ठेवायचं कारण नाही, त्यांचा सण आहे, आपल्या जुन्या मोहल्ल्यात हे कायमच होतं. फरक इतकाच की तेव्हा आपण तिथेच राहायचो. इस्रायल मोहल्ल्यातल्या खोलीतून खाली उतरलं की सिनेगॉग. आता तिथे राहतो कोण? सगळे ठाणे, कल्याण, मीरा रोड, आणि बरेचसे अश्दोद आणि दिमोनाला. देशभरात मिळून आपण चार-पाच हजार, आणि सिनेगॉग मात्र सगळी तिथेच उभी आहेत जिथे आजोबा राहायचे.

शार हारहामीम बघा, आपलं सगळ्यात जुनं, १७९६ चं. सॅम्युअल दिवेकर कंपनीच्या फौजेत होते, टिपूच्या कैदेत पडले आणि सुटलो तर देवाचं घर बांधीन असा नवस केला म्हणतात. लोक त्याला जुनी मशीद म्हणायचे, मशीद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं आपल्यात सांगतात. रोज लाखो माणसं त्या स्टेशनवरून जातात आणि बहुतेकांना पत्ताच नाही. आणि भायखळ्याचं मागेन डेव्हिड किंवा काळा घोड्याचं १८८४ चं केनेसेथ एलियाहू बघायला टुरिस्ट येतात, फोटो काढतात, सुंदरच आहेत दोन्ही, ससून घराण्याचा पैसा होता त्यामागे. पण टुरिस्टने मिनियान होत नाही हो.

माझी किप्पूरची मागणी दोन गोष्टींची. एक, रात्री हॉलमध्ये गाद्या घाला. ज्यांना लांबून यायचंय त्यांनी रविवारी दुपारीच यावं, उपासाच्या आधीचं जेवण तिथेच करावं, कोल निद्रेला, म्हणजे किप्पूरच्या पहिल्या प्रार्थनेला, बसावं आणि तिथेच झोपावं. म्हाताऱ्या माणसांना तर हेच बरं, नियमाप्रमाणेही बरं, कारण त्या दिवशी गाडीत बसायचं नाही असा नियम आहे, जो आपण सगळे मोडतो आणि कोणी बोलत नाही. दोन, सोमवारचा दिवस आहे, ऑफिसवाल्यांना रजा टाकावी लागणार, त्यांना आत्ताच सांगा, आदल्या रात्री मेसेज टाकून उपयोग नाही. आणि हो, गेटवर ओळखपत्र दाखवावं लागतं हे माहीत असूनही दरवर्षी कोणीतरी आधार कार्ड घरी विसरून येतं आणि वॉचमनशी वाद घालतं. २६ नोव्हेंबर २००८ ला नरीमन हाऊसच्या ज्यू केंद्रात काय झालं ते आठवत असेल तर हा वाद घालू नये, त्यात गणपतीच्या बंदोबस्ताने पोलीस आधीच थकलेले असणार.

शिळ्या सणाबद्दल कोणी काही लिहिलंच नाहीये. पूर्वी त्या दिवशी एकमेकांच्या घरी जायचे, गरिबाला काहीतरी द्यायचे. कार्यक्रम नको, हॉल नको, खर्च नको. २२ तारीख, मंगळवार. लक्षात ठेवा एवढंच.

मुलांच्या कार्यक्रमात हाऊझी ठेवलीय. ठेवा, माझा विरोध नाही, हाऊझीला आमच्या बिल्डिंगमधली मुलंही आनंदाने येतील. पण त्याच्या जोडीला एक कीर्तन ठेवा ना. आपल्याच माणसांनी १८८० च्या सुमाराला मराठी कीर्तनं सुरू केली होती, योसेफाचं आख्यान, मोशेचं आख्यान, सगळं आपल्या चालींवर. माझ्या भाचीला हिब्रू वाचता येतं पण अर्थ लागत नाही, ती तासभर पुस्तकाची पानं मोजत बसते. तिला योसेफाला भावांनी खड्ड्यात टाकलं हे मराठीत गाऊन सांगितलं तर ती हलणार नाही जागेवरून. पुण्यात १८७४ ला मराठी हागादा, म्हणजे पेसाहच्या रात्री वाचायची पोथी, छापली, त्यात लुगडी नेसलेल्या बायका मात्सा (बिनखमिराच्या पोळ्या) लाटतायत अशी चित्रं आहेत. त्या लोकांना आपली भाषा सिनेगॉगमध्ये आणायची लाज वाटली नव्हती. आपण मात्र नोटीससुद्धा इंग्रजीत काढतो आणि मग म्हाताऱ्या आत्या फोन करून विचारतात, "अगं, काय लिहिलंय त्यात?"

सिमहाथ तोराचं, म्हणजे तोराचं वाचन पूर्ण झाल्याच्या सणाचं, तेवढं यंदा नशीब चांगलं आहे. ३ ऑक्टोबरला शनिवारी रात्री सुरू, ४ ला रविवार. त्या रात्री एका सिनेगॉगमधून दुसऱ्यात जायचं, सेफर घेऊन नाचायचं, घसा बसेपर्यंत गायचं, ह्याला कोणाला बोलवावं लागत नाही. इस्रायलला गेलेली मंडळीसुद्धा ह्या रात्रीची आठवण काढतात. तिथे मेसेज टाकायची गरज नाही. फक्त ठाण्याच्या लोकांनी, तुमचं शार हाशामायिम १८७९ पासून उभं आहे, तुमच्याकडेही सगळ्यांना एकदा बोलवा, दरवेळी आम्हीच भायखळा-आग्रीपाडा का फिरायचं.

राहिला सुक्का, म्हणजे सुक्कोथच्या सणाचा झावळ्यांचा मांडव. शुक्रवार २५ सप्टेंबरला संध्याकाळी सुक्कोथ लागतो आणि त्याच दिवशी अनंत चतुर्दशी. दुपारनंतर अर्धे रस्ते बंद असतील, टेम्पो आत येणार नाही. तेव्हा झावळ्या गुरुवारी सकाळपर्यंत आल्याच पाहिजेत. वर आभाळ दिसलं पाहिजे असं छप्पर आणि सप्टेंबरचा पाऊस, त्यामुळे पाणी गळणारच, त्याबद्दल तक्रार करू नका, ताडपत्री घालायची नाही हे सोळा वेळा सांगून झालंय. रेवदंडा, पनवेल, अलिबागहून कोणी गाडीने येणार असेल तर बुधवारी रात्रीच झावळ्या भरून आणा, भाड्याचं मी कमिटीशी बोलते. आणि केळी, पेरू, सीताफळं टांगायला सुतळी जाड आणा, गेल्या वेळी पपई मुकादमांच्या ताटात पडली होती.