एबी रोडच्या डोक्यावर चौक हवाय? मग हे करा

मुलाकडे बॉस्टनला सहा महिने राहून आलात ना? उत्तम. आता झोपेचं वेळापत्रक जागेवर यायच्या आत कामाला लागा. परदेशातून आलेल्या माणसाचं इंदुरात पहिले आठ-दहा दिवसच कौतुकाने ऐकतात. नंतर तुम्हीही पोहे-जिलबीच्या गाडीपाशी आमच्यासारखेच ‘थोडी सेव और डालना भिया’ म्हणताना दिसता आणि सगळं वजन संपतं.

सुरुवात फोटोंनी करा. मॅसॅच्युसेट्स ॲव्हेन्यू आणि बॉयलस्टन स्ट्रीट जिथे मिळतात, तिथे टर्नपाइक नावाच्या हमरस्त्याच्या वर उभं केलेलं ते नवं संकुल. एका इमारतीत कचेऱ्या, दुसरीत हॉटेल, खाली दुकानं आणि मध्ये लोकांना बसायला मोकळा चौक. अडचण एवढीच की फोटोत खालचा हमरस्ता दिसत नाही, आणि तो दिसू नये म्हणूनच तर एवढा खटाटोप. त्यामुळे प्रत्येक फोटोखाली ‘याच्या खालून गाड्या धावतायत बरं का!’ असं न विसरता लिहा.

मग मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात, अध्यक्षांचं भाषण आणि खिचडी यांच्या मधली जागा पकडून उभे राहा आणि म्हणा, ‘आपल्या एबी रोडवर, शहराच्या मधून जाणाऱ्या या आग्रा-मुंबई रस्त्यावर, असं मिक्स्ड-यूज का होऊ नये?’ हा शब्द इंग्रजीतच म्हणा, ‘एकाच जागी सगळे वापर’ असं मराठीत नको. कुणी मागून आपल्या सराफा बाजाराचं नाव काढलं तर ऐकलंच नाही असं दाखवा. दिवसा सोनं आणि रात्री त्याच बंद शटरांसमोर भुट्ट्याचा कीस, गराडू, दहीवडे, याला मिक्स्ड-यूज म्हणत नाहीत. त्यात सल्लागार कंपनीच नाही.

किती वर्षं लागली, ते मात्र सांगत बसू नका. तो टर्नपाइक १९६५ साली शहराच्या मध्यापर्यंत आणताना त्याने वस्त्या मधोमध चिरल्या. त्याच सुमाराला त्याच्या काठावर आणि डोक्यावर प्रुडेन्शियल सेंटर उभं राहिलं, १९८०च्या दशकात कॉप्ली प्लेस झालं, आणि त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षं नुसत्या बैठका. मधला एक मोठा प्रकल्प तर २००८च्या मंदीत अर्धवट बंद पडला. खाली गाड्या चालू, शेजारून रेल्वे चालू, आणि दोन्ही न थांबवता वर छत टाकायचं, म्हणजे खर्च जमिनीवरच्या बांधकामाच्या कितीतरी पुढे जातो. हे आपल्याला लागू नाही. आपण २०२० साली छप्पन दुकान ही खाऊगल्ली ५६ दिवसांत नवी करून दाखवलीय.

टर्नपाइक मुळात खोलगट चरातून जातो, हेही गाळा. वर झाकण घातलं की ते आसपासच्या रस्त्यांच्या पातळीला येतं, माणूस चालता चालता चौकात पोचतो. आपला एबी रोड दुकानांच्या पायरीला पाय लावून सपाट पडलेला. त्याच्यावर झाकण म्हणजे चौक पहिल्या मजल्यावर. मग सरकते जिने. ते उद्घाटनाच्या दिवशी सरकतील.

चौकात काही विकत न घेता बसता येईल का, असा गावंढळ प्रश्न नको. शिट्टीवाला गार्ड अशा योजनांत आधीच धरलेला असतो.

आता महत्त्वाची सूचना. त्या चौकापर्यंत चालत पोचायचं कसं, असं कुणी विचारलं तर हसा आणि विषय मेट्रोवर न्या. विचारणारी बहुधा माझ्या काकूसारखी असेल, वय ७८, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. गेल्या आठवड्यात मी तिला तपासणीला घेऊन गीता भवन चौकाच्या अलीकडे उभा होतो. दवाखाना समोर. पाटी वाचता येईल इतका समोर. मधे फक्त एबी रोड. पूर्वी इथे मधोमध बीआरटीएसच्या, म्हणजे फक्त बससाठी राखून ठेवलेल्या पट्ट्यातल्या, बस होत्या. निरंजनपूर ते राजीव गांधी चौक, साडेअकरा किलोमीटर, २०१३ पासून. त्यांच्याबद्दल आम्ही इतकी वर्षं तक्रारी केल्या की शेवटी ऐकलं गेलं. २०२५च्या फेब्रुवारीत हायकोर्टाने तो पट्टा काढायला परवानगी दिली. आता रस्ता रुंद होणार, मोकळा होणार. झाला की मोकळा! बसची ठरलेली वाट होती, ती तरी एका रेषेत यायची. आता कार कुठूनही येते. सिग्नल लाल झाला की समोरचे थांबतात, पण डावीकडे वळणारे थांबत नाहीत, उलट्या बाजूने येणाऱ्यांना तर लाल दिवा दिसतच नाही, कारण तो त्यांच्या पाठीकडे असतो. झेब्रा पट्ट्यांवर एक पांढरी गाडी उभी. काकूने तिच्या बॉनेटला हात लावून पुढे व्हायला बघितलं तर काच खाली आली, ‘अम्मा, गाडी को हाथ मत लगाओ.’ तेवढ्यात हिरवा. मागे. पुन्हा लाल, पुन्हा तेच. दुभाजकापर्यंत एकदा पोचलो, तर तिथे चढायला उतार नाही, कुंड्या आहेत. कुंड्यांना पाणी घालायला टँकर येतो, त्यांची काळजी आहे, त्या बाहेरून आलेल्यांना दिसतात. काकू म्हणाली, ‘रिक्षा बघ रे.’ आणि आम्ही रिक्षाने रस्ता ओलांडला. पन्नास रुपये. पुढच्या चौकातून वळसा घालून समोरच्या फुटपाथवर, तोही आइस्क्रीमच्या फ्रीजने अडवलेला. डॉक्टर विचारतो, ‘उशीर का झाला?’

अजून एक. बॉस्टनच्या बिग डिगबद्दल अवाक्षर काढू नका.

का ते सांगतोच, आता उपहास पुरे. त्या शहराने १९५९ साली मधोमध सहा लेनचा उन्नत रस्ता पूर्ण केला. काही वर्षांत तोही तुंबला. मग १४ अब्ज डॉलरांहून जास्त खर्च करून त्यांनी वाहतूक बोगद्यात नेली, हाच तो बिग डिग,, वरचा सांगाडा पाडला आणि तिथे बागा केल्या. म्हणजे ज्या शहराचे फोटो तुम्ही मिरवताय, त्याने रस्त्यावरचा रस्ता उतरवला. आणि आपण? त्याच एबी रोडवर उन्नत मार्ग होणार, नको, पुन्हा होणार, हे किती वर्षं ऐकतोय. त्यांच्याकडे गाडीच्या वर माणूस बसवायची धडपड, आपल्याकडे माणसाच्या डोक्यावरून अजून एक गाडी. बीआरटीएसच्या आधी इथे चालणाऱ्याला कुणी विचारलं नाही, काढतानाही नाही. २०१७पासून आपण स्वच्छतेत पहिले आलो, कारण घरोघरी गाडी वेळेवर आली आणि सुका-ओला वेगळा न करणाऱ्याला चारचौघांत टोकलं गेलं. चालणाऱ्यासाठी ते का होत नाही? छप्पन दुकानाच्या गल्लीतून गाड्या बाहेर काढल्या तेव्हा आजी-आजोबा, पोरं सगळी तिथे येऊन बसलीच ना? चौकच हवेत तर तसे खाली करा, जमिनीवर, फुकट बसण्याचे.

आणि तुम्ही. बॉस्टनला बटण दाबून, चालत्या माणसाचा पांढरा दिवा लागेपर्यंत शहाण्यासारखे उभे राहत होतात, मुलाने सांगितलंय मला. इथे उतरल्यावर कोपऱ्यावरच्या दुधाला ॲक्टिव्हा, तीही उलट्या बाजूने, ‘दोन मिनिटांचं तर काम’ म्हणून. तुमच्या घरासमोरच्या फुटपाथवर तुमचीच कार उभी असते, तिच्यावर कापडी खोळ चढवून, वर्षभर. त्या कारमुळे काकूला रस्त्यावर उतरून चालावं लागतं. चौकाचं निवेदन महापालिकेला नंतर द्या. ती गाडी काढा तिथून, आज संध्याकाळपर्यंत.